दुसऱ्या चित्रावर थांबू नये

यंदा भाऊबीजेला बहिणीकडे जेवायला गेलो होतो. बासुंदी जरा जास्तच झाली होती, त्यामुळे सोफ्यावर आडवं व्हायचा बेत होता. पण भाचेराव लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसले. "मामा, तुझ्या काळातलं एक प्रकरण आलंय बघ."

प्रकरण म्हणजे एका नगरपालिकेची निविदा. घरपट्टी आणि पाणीपट्टीची संगणक प्रणाली करून द्यायची, मुदत १८ महिने. पहिले पाच महिने नुसतं काय काय हवं आहे ते लिहायचं. त्यावर सही. मग डिझाइन, त्यावर सही. मग कोडिंग, मग टेस्टिंग, आणि शेवटी एका ठरलेल्या दिवशी जुनं बंद करून सगळं नवं सुरू. पैसेसुद्धा याच पायऱ्यांनी मिळणार. भाच्याच्या टीममधली पोरं ते वाचून हसली म्हणे. "वॉटरफॉल! अजून कोणी करतं का हे?" त्याचं स्वतःचं मत होतं, आपण प्रस्तावातच सांगावं की आम्ही तुकड्यातुकड्यांनी देऊ, दर महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी चालू करून दाखवू. त्याचे साहेब म्हणत होते, त्यांनी मागितलंय तसं लिहून दे आणि मोकळा हो. प्रस्ताव द्यायला आठ दिवस उरले होते.

पोरं हसली तसं मला हसता आलं नाही. मी ही पद्धत जगलो आहे, आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजताना पाहिली आहे.

१९९८ ची गोष्ट. आम्ही एका साखर कारखान्यासाठी ऊस नोंदीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतची सगळी प्रणाली केली होती. त्या वयात केवढा अभिमान वाटायचा! आमचा मागण्यांचा दस्तऐवज २१४ पानांचा होता, स्पायरल बाइंडिंग केलेला, प्रत्येक पानावर ऑफिसातल्या अधिकाऱ्यांची सही. आठ महिने आम्ही पुण्यात बसून कोड लिहिला, टेस्टिंग केलं. गळीत हंगाम सुरू झाला त्या दिवशी वजनकाट्यावर आमची प्रणाली चालू झाली आणि दुपारपर्यंत अडकली. आम्ही धरलं होतं, एक वाहन म्हणजे एक शेतकरी. काट्यावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असत्यात. दोन्हीतला ऊस एकाचाच असतोय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. २१४ पानांवर सह्या करणाऱ्यांपैकी कोणी कधी काट्यावर बसलेलं नव्हतं.

दिसायला हा छोटा बदल, पण 'एक वाहन, एक शेतकरी' हे गृहीतक पार डेटाबेसच्या मुळापर्यंत गेलेलं. दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत पावत्या हाताने आणि रात्री पुन्हा संगणकात. पहिल्या दोन दिवसांत तर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. तोडलेला ऊस जितका वेळ उन्हात उभा राहील तितका वाळतो, वजनाला कमी भरतो, आणि पैसे वजनावर मिळतात. म्हणजे आमच्या चुकीचे पैसे रांगेतल्या माणसाच्या खिशातून जात होते. ते अजूनही आठवलं की पोटात कालवतं.

असो. त्यानंतर ही पद्धत मुळात आली कुठून, हे शोधायची मला खोड लागली. आणि सापडलं ते भलतंच होतं.

सगळे बोट दाखवतात ते विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याकडे. टीआरडब्ल्यू कंपनीत अंतराळयानांशी संबंधित सॉफ्टवेअरची मोठमोठी कामं त्याने सांभाळली होती. ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या वेसकॉन परिषदेत त्याने मोठ्या सॉफ्टवेअरच्या व्यवस्थापनावर एक निबंध वाचला. जेमतेम ११ पानं. त्यातल्या दुसऱ्या चित्रात सात चौकटी आहेत, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या खाली उतरणाऱ्या. सिस्टिमच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग आणि वापर. पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं ते हेच चित्र. आमच्या त्या २१४ पानांच्या दस्तऐवजातही ते होतं. मीच काढलं होतं!

गंमत अशी की निबंध वाचला तर रॉइस त्या चित्राची शिफारस करतच नाही. तो म्हणतो, कल्पना मला पटते, पण एवढ्यावरच विसंबून काम केलं तर ते धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण आहे. कारणही देतो. वेळ किती लागतो, मेमरी पुरते का, माहितीची देवाणघेवाण नीट होते का, या गोष्टी टेस्टिंगपर्यंत फक्त कागदावर असतात. टेस्टिंगला त्या पहिल्यांदा अनुभवाला येतात. तिथे अंदाज चुकला असं कळलं की थेट डिझाइनपर्यंत, कधी गरजांपर्यंत मागे जावं लागतं, आणि वेळ किंवा खर्च दुपटीवर जाऊ शकतो. म्हणजे आमच्या दोन ट्रॉल्यांची गोष्ट या माणसाने २८ वर्षं आधी लिहून ठेवली होती!

निबंधाचा उरलेला भाग उपायांचा आहे. त्यातला एक उपाय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काम नवीन प्रकारचं असेल तर ते दोनदा करा, ग्राहकाच्या हाती पडेल ती दुसरी आवृत्ती असू द्या. काम ३० महिन्यांचं असेल तर पहिले १० महिने एक छोटी, घाईची प्रतिकृती करण्यात घालवा, म्हणजे कुठे ठेच लागणार ते आधी कळेल. आणखी एक उपाय म्हणजे ग्राहकाला शेवटी बोलवू नका, मधेमधे सामील करून घ्या.

पण रॉइसला आजच्या अजाइल मंडळींच्या पंगतीत बसवायची घाईही नको. कागदपत्रांवर त्याचं भारी प्रेम. ५० लाख डॉलरच्या यंत्राला ३० पानांचं वर्णन पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला १५०० पानं हवीत, असा त्याचा हिशेब होता. त्याला शिस्त हवीच होती. फक्त चूक कळायची वेळ शेवटापर्यंत ढकलणारी शिस्त त्याला नको होती. आणि हो, 'वॉटरफॉल' हा शब्द त्या निबंधात कुठेच नाही. तो १९७६ मध्ये बेल आणि थेअर या दोघांच्या निबंधात आला.

रॉइसच्याही आधी पायऱ्यांचं असं वर्णन हर्बर्ट बेनिंग्टनने १९५६ मध्ये केलं होतं. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी सेज नावाची अवाढव्य प्रणाली उभी राहत होती. रडारची माहिती संगणकात घेऊन शत्रूची विमानं हेरायची. त्यासाठी एक लाखाहून जास्त सूचनांचा प्रोग्राम लिहायचा होता. तो कसा लिहिला याचं नीटस, टप्प्याटप्प्याचं वर्णन बेनिंग्टनने केलं. १९८३ मध्ये तो निबंध पुन्हा छापला गेला तेव्हा त्याने नवी प्रस्तावना जोडली. तीत तो कबूल करतो की मूळ निबंधात एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली. या प्रोग्रामच्या आधी व्हर्लविंड नावाच्या लहान संगणकावर ३५,००० सूचनांचा एक प्रायोगिक प्रोग्राम चालू होता. आणि तिथून एकदम लाखावर उडी मारली ही आमची सगळ्यात मोठी चूक, पुन्हा करायचं झालं तर लहान नमुन्यापासून वाढवत नेलं असतं, असंही तो म्हणतो.

हे वाचून मी थबकलो. सरळ रेषेचं वर्णन करणाऱ्या या दोघांनाही चाचपडण्याचं मोल माहीत होतं. एक त्याच्याबद्दल लिहायला विसरला, दुसऱ्याने लिहिलं तर लोकांनी ती पानं वाचली नाहीत. आपणही असंच करतो की. लग्न कसं जमलं, नोकरी कशी लागली हे सांगताना मधली चार नकारांची वर्षं गाळतोच! ऐकणाऱ्याला वाटतं, रस्ता सरळच होता.

मग चित्राचा नियम कसा झाला? याचं उत्तर मला त्या निविदेतच दिसलं. पैसे देणाऱ्याला पैसे कशावर द्यायचे ते ठरवायला काहीतरी हातात लागतं. कागद हातात धरता येतो, त्यावर सही होते, तो ऑडिटला दाखवता येतो. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने डीओडी-एसटीडी-२१६७ हे मानक काढलं. त्यात ठरलेले दस्तऐवज आणि ठरलेल्या तपासण्या होत्या, आणि ते पायऱ्यांच्या चित्राबरहुकूम वाचलं गेलं. ज्याला खात्याचं काम हवं त्याने तसंच करायचं. क्रेग लार्मन यांनी लिहून ठेवलंय की या मानकाच्या मुख्य कर्त्यानेच पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला.

दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, फ्रेड ब्रूक्सच्या अध्यक्षतेखालच्या समितीने खात्याला सांगितलं की हे बदला, सॉफ्टवेअर वाढवत वाढवत करायची मुभा द्या. प्रत्यक्षात ती मोकळीक स्पष्टपणे देणारं नवं मानक यायला १९९४ साल उजाडलं. हेच ते ब्रूक्स ज्यांनी १९७५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात, पहिली प्रणाली फेकून द्यायचीच आहे असं धरून चाला, असा सल्ला दिला होता. १९९५ च्या आवृत्तीत त्यांनी तोही मागे घेतला. फेकायची एक आणि ठेवायची एक, असा विचार म्हणजे पुन्हा अख्खी प्रणाली एकाच दमात बांधणं आलं. त्यापेक्षा छोटी चालती प्रणाली घ्या आणि तीच वाढवा, असं त्यांचं मत झालं. वीस वर्षांनी आपलंच गाजलेलं वाक्य चुकलं म्हणायला मोठं मन लागतं.

आणि दुसरी वाट त्या काळी नव्हती असंही नाही. मर्क्युरी प्रकल्पात, म्हणजे अमेरिकेने पहिल्यांदा माणूस अंतराळात पाठवला त्या प्रकल्पात, सॉफ्टवेअर लिहिणारे अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांनी काम करत होते. स्पेस शटलच्या उड्डाणाचं मुख्य सॉफ्टवेअर आयबीएमच्या टीमने १९७७ ते १९८० मध्ये ३१ महिन्यांत १७ फेऱ्यांमध्ये केलं. हौस म्हणून नाही. शटलचीच रचना बदलत होती, त्यामुळे गरजा गोठवून ठेवणं शक्यच नव्हतं. शिस्तीत तर त्यांच्यासारखे तेच! म्हणजे तुकड्यांनी काम करणं म्हणजे ढिलाई, हा आरोप तिथेच निकालात निघतो. २००१ च्या फेब्रुवारीत युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा ही वाट चांगली मळलेली होती.

न मळलेल्या वाटेचं उदाहरण हवं तर एफबीआय बघा. त्यांनी २००१ मध्ये तपासाच्या फायली संगणकावर आणायचं काम बाहेर दिलं. गरजांचा दस्तऐवज ८०० हून जास्त पानांचा, शिवाय वाटेत मागण्या सतत बदलत राहिल्या. बेत असा की एके दिवशी जुनं बंद, नवं चालू. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ते सोडून द्यावं लागलं. पुढच्या वर्षी सेंटिनेल नावाने नवा प्रयत्न, यावेळी चार टप्प्यांत. पण टप्पे इतके मोठे की तेही रखडले. शेवटी २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हाती घेतलं, टीम लहान केली, दोन दोन आठवड्यांच्या फेऱ्या लावल्या आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली वापरात आली. यात मला लक्षात ठेवण्यासारखा भाग मधला वाटतो. तुकडे केले म्हणून कोणी वाचत नाही. तुकडा वापरणाऱ्याच्या हाती पडून त्याची शिवी लवकर ऐकू आली तर वाचतो :)

मग पायऱ्यांची पद्धत अगदीच टाकाऊ का? नाही. कारखान्यानंतर लगेच मी वायटूकेच्या कामात होतो. तिथे काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. जुन्या प्रोग्राममधल्या तारखा शोधा, दोन आकड्यांची वर्षं दुरुस्त करा, तपासा. शेवटची तारीख तर देवानेच ठरवून दिलेली! तिथे यादी, दुरुस्ती, तपासणी अशी ओळीने पद्धतच योग्य होती. कोणाला काय हवंय हे शोधत बसायचं नव्हतं.

आणि तुकड्यांनी करायचं म्हणजे आधी विचारच करायचा नाही, असंही नाही. आपल्याकडे गावोगावी घरांच्या गच्चीवर कॉलमच्या सळया वर आलेल्या दिसतात. आत्ता पैसे खालच्या दोन खोल्यांपुरते, पण पोरगा मिळवता झाला की वर मजला चढवायचा. माणसं दोन खोल्यांत राहायला लागतात, पावसाळ्यात कुठे गळतं ते कळतं, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला हवं होतं तेही कळतं. पण पाया मात्र पहिल्या दिवशीच दुमजली घातलेला असतो. तो एकमजली घातला तर पुढे सळया कितीही लांब ठेवा, उपयोग नाही. रॉइसचा पहिला उपाय हाच होता की गरजांचं विश्लेषण पुरं व्हायच्या आधी डिझाइनचा ढोबळ आराखडा मांडा.

भाच्याला मी एवढंच म्हटलं की कुठली पद्धत नवी, कुठली जुनी हे सोडून दे. दोन प्रश्न विचार. आपलं चुकलंय हे आपल्याला कधी कळेल? आणि तोवर त्या चुकीचा भुर्दंड कोण भरत असेल? पाणीपट्टीच्या खिडकीवर बसणारी बाई पाच महिन्यांच्या लिखाणात सापडणार नाही. तिला चालता पडदा दाखवलास तर दहा मिनिटांत सांगेल की एका घरात दोन भाऊ वेगळे झालेत, नळ मात्र एकच आहे.

"पण सहीचं काय? त्यांना पैसे देताना कागद लागणारच," तो म्हणाला. खरं आहे, आणि नगरपालिकेची ती अडचण खोटी नाही. लोकांचा पैसा आहे, कशाच्या बदल्यात दिला हे दाखवावंच लागतं. म्हणून मी सुचवलं की निविदेच्या पायऱ्यांना हात लावू नकोस, पण पहिल्या पाच महिन्यांत एकाच वॉर्डाची पाणीपट्टी चालवून दाखवू असं लिही. दस्तऐवज तिथे जे सापडेल त्यावरून होईल. सही त्यावर घे. तो वॉर्ड चुकला तरी बाकी गावाची बिलं जुन्या पद्धतीने निघतील, कोणी रांगेत उभं राहणार नाही.

त्या रात्री त्याला रॉइसचा निबंध मेलवर पाठवला आणि वर लिहिलं, दुसऱ्या चित्रावर थांबू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. साहेबांनी एका वॉर्डाची कल्पना प्रस्तावात घेतली, पण 'पर्यायी' म्हणून, शेवटच्या परिशिष्टात. नगरपालिका ते परिशिष्ट वाचेल का, माहीत नाही. ११ पानांतलं दुसरं चित्र पाहून लोक थांबले, तिथे परिशिष्टाची काय कथा! पण निदान लिहिलेलं तरी आहे.

तुमच्यापैकी बरेच जण याच धंद्यातले आहात. तुमच्या 'दोन ट्रॉल्या' कुठल्या होत्या, जरूर कळवा.